पायाचं रक्त वाढवणारे पट्टे, पंप आणि दिवे : बाबांसाठी घ्यावं का?

टिटवी :

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. धागा पहिल्यांदाच काढतेय, चूकभूल सांभाळून घ्या.

बाबा ६८ वर्षांचे. मधुमेह १९ वर्षांपासून, इन्सुलिन अजून नाही, गोळ्यांवर आहेत. तक्रार पायांची. तळव्यांना मुंग्या, रात्री आग. गेल्या दोन महिन्यांत तर चप्पल पायातून निसटून मागे राहते आणि हे चार पावलं तसेच पुढे जातात. कळतच नाही. शिवाय चालायला लागलं की थोड्या वेळाने डावी पोटरी भरून येते, मग थांबावं लागतं. ते म्हणतात वय झालं. आई म्हणते नसा आखडल्या.

एका उपचार केंद्रात घेऊन गेलो होतो. तिथे ईईसीपी सुचवलं. पायांना पट्टे बांधून हवेने दाबतात, रोज एक तास, आठवड्याला पाच दिवस, अशी ३५ सिटिंग. "चिरफाड नाही, सुई नाही, नसा मोकळ्या होतात, नैसर्गिक बायपासच समजा," असं तिथल्या गृहस्थांनी सांगितलं. साखरही उतरते म्हणे. भावाचं वेगळंच. त्याने पायाखाली ठेवायची एक विजेची पाटी बघून ठेवलीय, तिच्यावर पाय ठेवले की स्नायू आपोआप हलतात. काकू इन्फ्रारेड दिव्यांच्या पट्ट्याचं नाव घेतात.

पैसे जातील ते जातील, उपयोग व्हायला हवा. कोणी घेतलंय का यातलं काही?

रिकामटेकडा :

मी घेतलंय. पूर्ण ३५. पण पायासाठी नाही, छातीसाठी. बायपास होऊन गेलेलं, पुन्हा काही करण्यासारखं नाही असं सर्जननी सांगितलेलं, आणि जिना चढला की छातीत धरायचं. मधुमेह मलाही आहे.

कसं असतं ते सांगतो, कारण जाहिरातीत नुसता हसरा माणूस आडवा पडलेला दाखवतात.

आधी लघवीला जाऊन यायचं. पहिल्या दिवशी हे मला कोणी सांगितलं नाही आणि विसाव्या मिनिटाला हात वर करावा लागला. मग अंगाला घट्ट बसणारी विजार. तिची एक जरी चुणी राहिली तरी तासाभरात तिथली कातडी सोलवटते, म्हणून तिथली मुलगी रोज हाताने चुण्या काढायची. पोटऱ्या, मांड्या, कुल्ले अशा तीन ठिकाणी पट्टे. छातीवर ईसीजीचे चिकटे, बोटाला चिमटा. यंत्र सुरू झालं की प्रत्येक ठोक्यामागून पट्टे फुगतात, आधी पोटरी, लगेच मांडी, लगेच कुल्ला, आणि पुढच्या ठोक्याच्या आत फस्सकन रिकामे होतात. खालून कोणी लाथ घालतंय असं अंग वर सरकतं. मिनिटाला सत्तर लाथा. तिसऱ्या दिवसापासून मला त्यात झोप लागायला लागली, यावर घरात कोणाचा विश्वास बसत नाही.

फायदा? छातीचं दुखणं निश्चित कमी झालं. जिभेखालची गोळी आठवड्याला चार-पाच लागायची, ती महिन्याला एखादी झाली. तळव्यांचा बधिरपणा मात्र पहिल्या दिवशी होता तेवढाच शेवटच्या दिवशी. त्यासाठी ते नव्हतंच म्हणा.

उंटावरचा_शहाणा :

हे सगळं थोतांड आहे. पट्टा बांधून बायपास झाला असता तर सर्जन लोक काय करवंट्या घेऊन बसले असते? मधुमेही माणूस घाबरलेला असतो, त्याला काहीही विकता येतं. वडिलांना चालायला लावा, साखर आवरा, विषय संपला.

रिकामटेकडा :

@उंटावरचा_शहाणा, थोतांड कसं? माझ्या छातीचं मी वर लिहिलंय की.

उंटावरचा_शहाणा :

एकाच्या छातीवरून शास्त्र ठरत नाही. ३५ दिवस रोज कोणी प्रेमाने चुण्या काढल्या तर मलाही बरं वाटेल.

फिजिओताई :

भांडू नका, दोघांचं थोडं थोडं बरोबर आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे. मधुमेही पाय रोज बघते. निदान इथून कोणी करू शकत नाही, तेवढं गृहीत धरून वाचा.

टिटवी, आधी तुझ्या आईच्या वाक्याकडे ये. "नसा आखडल्या." आपल्याकडे नस म्हणजे रक्ताची नळीही आणि मेंदूकडे निरोप नेणारी तारही. 'नस दबली', 'नस बंद झाली', 'हाताला नस सापडेना', एकच शब्द सगळीकडे. केंद्रातला माणूस "नसा मोकळ्या होतात" म्हणाला तेव्हा तो रक्तवाहिनीबद्दल बोलत होता, आणि तुमच्या डोक्यात मुंग्या होत्या. मुंग्या येतात त्या मज्जातंतूंमुळे. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांचा घोळ या एका शब्दात असतो.

तू दोन वेगवेगळ्या तक्रारी एका दमात लिहिल्या आहेस. मुंग्या, आग, चप्पल निसटलेली न कळणं, हे तंतूंचं दुखणं दिसतं, न्यूरोपथी. चालल्यावर पोटरी भरणं आणि थांबल्यावर काही मिनिटांत ओसरणं, हे रोहिणीत, म्हणजे हृदयाकडून रक्त आणणाऱ्या नळीत, अडथळा असल्याचं लक्षण असू शकतं. मधुमेहात दोन्ही एकत्र असणं अगदी नेहमीचं. पण दोन्हींचे उपाय वेगळे, आणि एकाचं यंत्र दुसऱ्याला काही वेळा बाधतं.

ईईसीपी थोतांड नाही. अमेरिकेत १९९५ साली त्याला मान्यता मिळाली ती अंजायनासाठी, म्हणजे रिकामटेकडा यांना होतं त्या दुखण्यासाठी. १९९९ साली १३९ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात निम्म्या लोकांना खोटं ईईसीपी दिलं होतं, पट्टे तेच पण दाब फक्त ७५ (रक्तदाब मोजतात त्याच मापात), खऱ्या गटात ३०० पर्यंत. खऱ्या गटाचे अंजायनाचे झटके कमी झाले आणि ट्रेडमिलवर ईसीजीत बदल दिसायला जास्त वेळ लागला. @उंटावरचा_शहाणा, चुण्या दोन्ही गटांच्या काढल्या होत्या. :)

काम कसं करतं : दोन ठोक्यांच्या मधे हृदय सैल पडतं, आणि हृदयाच्या स्वतःच्या रोहिण्यांत रक्त मुख्यतः त्याच वेळी शिरतं. नेमक्या त्या क्षणी पाय दाबले की पायातलं रक्त उलटं वर ढकललं जातं. पुढचा ठोका पडायच्या आत पट्टे सुटतात, त्यामुळे हृदयाला पुढे ढकलायला जोर कमी लागतो. म्हणजे त्या तासात पाय रक्त *देतात*. आता ज्या पायात आधीच रोहिणी तुंबलीय तो पाय अडीचशे-तीनशेच्या दाबाने मिनिटाला सत्तर वेळा आवळायचा का? पायाच्या रोहिण्यांत गंभीर अडथळा असेल तर ईईसीपी सहसा देत नाहीत. पायातल्या शिरेत (रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या नळीत) गुठळी, महारोहिणीला फुगा, महारोहिणीची झडप बरीच गळत असणं, बेताल ठोके, आवाक्याबाहेरचा रक्तदाब, रक्त खूप पातळ करणारी औषधं, या सगळ्यांत एक तर नको, नाहीतर आधी ते सावरून मग. केंद्राने यातलं काय काय तपासलं?

साखर उतरते याला थोडा आधार आहे. इन्सुलिन न घेणाऱ्या टाइप २ मधुमेहींवर ३० जणांचा एक अभ्यास २०१६ साली आला, त्यात एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा, काही महिन्यांसाठी थोडा खाली आला. ३० म्हणजे माझ्या ओपीडीतला एक आठवडा. त्यावर कोणी ३५ तास विकत असेल तर मी हात आखडता घेईन.

टिटवी :

बाप रे, ताई, खूप धन्यवाद. केंद्रात ईसीजी काढला आणि रक्तदाब बघितला, बस. पण गेल्या वर्षी एका आरोग्य शिबिरात पायाचा दाब आणि हाताचा दाब यांचं गुणोत्तर काढलं होतं. कागद सापडला. उजवा १.३१, डावा १.४२. खाली शिक्का : उत्तम. पोटरी दुखते डावी. मग डाव्याचा आकडा जास्त चांगला कसा?

फिजिओताई :

प्रश्न एकदम बरोबर विचारलास.

त्याला एबीआय म्हणतात. घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब. ०.९ किंवा खाली आला की पायात अडथळा आहे असं समजतात. १ ते १.४ ठीक. पण १.४ च्या वर गेला तर तो "उत्तम" नव्हे. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात रोहिणीच्या भिंतीत चुना साठतो आणि ती पाइपासारखी टणक होते. दाब मोजायला पट्टा कितीही आवळा, ती दबतच नाही, म्हणून आकडा खोटा वर जातो. आतून वाट अरुंद असली तरी. ज्याने शिक्का मारला त्याला वाटलं जितका जास्त तितका बरा.

पायाच्या अंगठ्याच्या बारीक रोहिण्या सहसा अशा टणक होत नाहीत, म्हणून मधुमेहात अंगठ्याचा दाब मोजावा. ते गुणोत्तर ०.७ च्या खाली असेल तर गडबड. सोबत डॉपलर, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह बघायची तपासणी. आणि तंतूंसाठी १० ग्रॅमचा, म्हणजे तेवढ्या दाबाला वाकणारा, नायलॉनचा धागा टोचून बघतात, १२८ हर्ट्झचा कंपनकाटा अंगठ्याच्या हाडावर धरतात. दहा मिनिटांचं काम, सुई नाही, चिरफाड नाही. ३५ सिटिंगच्या आधी हे करून घे.

आणखी एक. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी किती वर्षं चालू आहे? बरीच वर्षं घेणाऱ्यांत बी १२ कमी होऊ शकतं, आणि त्याच्या मुंग्या मधुमेहाच्या मुंग्यांसारख्याच असतात. तेही तपास.

कोरा_कागद :

काकूंच्या दिव्यांच्या पट्ट्याबद्दल लिहितो, कारण ते माझ्या आईच्या बाबतीत झालंय.

इन्फ्रारेड प्रकाशाने रक्तातला नायट्रिक ऑक्साइड सुटतो, वाहिन्या रुंदावतात आणि पायाची जाणीव परत येते, असा दावा असतो. ऐकायला झकास. सुरुवातीच्या काही अभ्यासांत लोकांना बरंही वाटलं. मग २००८ साली ६९ जणांवर नीट चाचणी झाली, निम्म्यांना बंद दिवे, आणि कोणाचे चालू कोणाचे बंद हे रुग्णालाही माहीत नाही, तपासणाऱ्यालाही नाही. फरक शून्य. बंद दिवेवाल्यांनाही तेवढंच बरं वाटलं.

आम्हाला हे नंतर कळलं. आईला दिव्याने "जरा ऊब लागते" इतकंच वाटायचं, म्हणून दिवा नसेल त्या दिवशी ती गरम पाण्याची पिशवी घ्यायची. एका रात्री पिशवी पायाशी ठेवून झोपली. सकाळी मी पांघरूण आवरत होतो तर चादरीला ओल. पिशवी गळली असेल म्हणून उचलली, तिचं बूच घट्ट होतं. ओल आईच्या टाचेखाली होती. आठ आण्याएवढा फोड फुटलेला आणि आई शांतपणे उठून दात घासायला गेलेली. तिला काहीच कळलं नव्हतं. टाच भरून यायला साडेचार महिने लागले.

पाय बधिर असेल तर ऊब देणारी कुठलीही वस्तू घरात ठेवू नका. पाणी किती गरम आहे ते कोपराने बघायचं, तेही दुसऱ्याच्या कोपराने.

अर्धवटराव :

वरचे प्रतिसाद वाचून घाबरलो. माझ्याकडे ते गुडघ्यापर्यंतचे हवेचे बूट आहेत, टीव्ही बघताना घालतो, मसाजसारखे. हेही ईईसीपीच का? काढून टाकू?

अवांतर : माझे पाय तर कायम गरम असतात. म्हणजे रक्त छान फिरतंय ना?

फिजिओताई :

बूट वेगळे. ठोक्याशी त्यांचा संबंध नसतो, ते आपल्या लयीत फुगतात.

त्यातही दोन जाती आहेत. ऑपरेशननंतर शिरेत गुठळी होऊ नये म्हणून लावतात ते हळू फुगतात, दाब साधारण ४० च्या आसपास. दुसरे रोहिणीच्या अडथळ्यासाठीचे पंप. ते पाऊल आणि पोटरी झटक्यात दाबतात, १२० च्या आसपास, मिनिटाला तीन वेळा, आणि लगेच सोडतात. बसलेल्या माणसाच्या पायातल्या शिरा रक्ताने भरलेल्या असतात. त्या एकदम रिकाम्या केल्या की रोहिणीकडून शिरेकडे जायचा उतार वाढतो, आणि नवं रक्त जोराने खाली येतं. ज्यांच्यावर शस्त्रक्रिया होऊ शकत नाही अशा काही रुग्णांना हे पंप रोज काही तास लावतात. उपयोग होतो, पण ते डॉक्टरने मोजमाप करून द्यायचं उपकरण आहे. टीव्हीसमोरचे मसाजी बूट यातल्या कुठल्याच जातीचे नसतात बहुतेक. बरं वाटतं तर घाला, मात्र पायावर जखम, एका पायाला अचानक सूज, किंवा हृदय अशक्त असल्याचं निदान असेल तर नकोत. घट्ट दाबाचे मोजेही मधुमेहीने स्वतःच्या मनाने चढवू नयेत. रक्त कमी पोचणाऱ्या पायाला ते फास आहेत.

टिटवीच्या भावाची पाटीही इथेच आली. पोटरीचा स्नायू हलला की शिरेतलं रक्त वर जातं, इतपत खरं. पेसमेकर असेल तर ती वापरायची नाही. आणि बधिर तळव्याला करंट जाणवत नाही म्हणून माणूस बटण वाढवत राहतो.

गरम पायाचं : नाही हो, उलट सावध व्हा. कातडीखाली रोहिणीतून शिरेत थेट जाणारे चोरवाटांसारखे रस्ते असतात. थंडीत शरीर ते बंद ठेवतं, ऊब बाहेर टाकायची असली की उघडतं. ही दारं सांभाळणारे तंतूच मधुमेहात झिजले की दारं उघडीच राहतात. रक्त चोरवाटेने परत, पाय गरम, पायावरच्या शिरा टम्म, आणि कातडीच्या पेशी उपाशी. गरम आणि कोरडा, भेगाळलेला पाय दिसला की मी धागा आणि कंपनकाटा आधी काढते.

उंटावरचा_शहाणा :

ताई, गरम पायाचं माहीत नव्हतं. माझेही गरमच असतात. तपासून घेतो. (थोतांड हा शब्द मागे घेतो, 'अवाजवी विक्री' असा वाचावा.)

शब्दवेल्हाळ :

थोडं अवांतर, पण नायट्रिक ऑक्साइडचं नाव आलंच आहे तर. रक्तवाहिनीच्या आतलं अस्तर हा वायू तयार करतं आणि त्याने वाहिनी सैल पडते, हे शोधणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं. गंमत म्हणजे जिभेखालची नायट्रोग्लिसरीनची गोळी त्याच्या शंभरेक वर्षं आधीपासून लोक घेत होते, ती का चालते ते कोणाला ठाऊक नव्हतं.

आता हे सगळे पंप आणि पट्टे आपली जाहिरात याच रेणूवर करतात. रक्त अस्तराला घासून वेगाने गेलं की अस्तर तो सोडतं, हे खरंच आहे. पण रक्त वेगाने न्यायचा सगळ्यात जुना मार्ग चालणं हाच की.

संथगामी :

शब्दवेल्हाळ यांनी आयतंच ताट वाढलंय, म्हणून लिहितो.

माझं डाव्या मांडीतल्या रोहिणीचं. मधुमेह १२ वर्षं. सर्जन म्हणाले, इतक्यात काही घालायची गरज नाही, तीन महिने चालून या. मला वाटलं कटवलं. तर त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं, औषध लिहितात तसं : आठवड्यातून निदान तीन दिवस, ३० ते ४५ मिनिटं, १२ आठवडे. चालायला लागायचं, पोटरी बऱ्यापैकी दुखेपर्यंत चालायचं, मग उभं राहायचं किंवा टेकायचं, दुखणं पूर्ण गेलं की पुन्हा. थांबण्याचा वेळही त्या ४५ मिनिटांत धरायचा.

यातला अवघड भाग चालणं नाही, थांबणं. भर रस्त्यात दर तीन मिनिटांनी उभं राहायची लाज वाटते. मी मोबाईल कानाला लावून बोलण्याचं नाटक करायचो. एकदा खरंच फोन वाजला, कानातच, दचकून पडणार होतो.

मी विजेचे खांब मोजायचो. पहिल्या दिवशी पाच खांबांवर पोटरीने हात जोडले. चौथ्या आठवड्यापर्यंत सहा, म्हणजे काहीच नाही, सोडणार होतो. सातव्या आठवड्यानंतर एकदम नऊ, अकरा. बारा आठवड्यांनी सतरा. तपासणीत पायाचा दाब होता तिथेच! सर्जन म्हणाले, तसंच होतं बहुतेकांचं. मोठी नळी उघडत नाही, स्नायू कमी रक्तात काम करायला शिकतो आणि आजूबाजूच्या बारीक वाटा वापरात येतात. नैसर्गिक बायपास म्हणायचंच असेल तर याला म्हणा.

सिगारेट त्याच आठवड्यात सोडली, ते वेगळं सांगायला नको. सोडली नसती तर खांब पाचच राहिले असते असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं.

फिजिओताई :

+१. एकच जोड देते : पायावर जखम असेल तर हे चालणं नाही. जखमेवरचा भार काढायचा असतो. आणि तंतू गेलेल्या पायाने चालायचं तर बूट आत हात घालून तपासून, मोजे घालून. खडा रुतला तरी कळणार नाही. परत आल्यावर तळवा आरशात बघायचा.

आणि टिटवी, या लक्षणांना सात आठवडे कुठल्याच यंत्रावर थांबायचं नाही : रात्री झोपेत पाय दुखून खाली लोंबता ठेवल्यावर बरं वाटणं, बोट निळं-काळं पडणं, दोन आठवड्यांत न भरणारी जखम. तेव्हा थेट रक्तवाहिन्यांचे सर्जन. ३५ सिटिंगचा खरा तोटा पैशांचा नाही. पट्ट्यांत पाय घालून माणूस निर्धास्त होतो आणि तेवढ्यात बोट जातं. असे दोन पाय मी बघितले आहेत.

अर्धवटराव :

वाचनखूण साठवली आहे.

टिटवी :

तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा.

अंगठ्याचा दाब झाला. डाव्याचं गुणोत्तर ०.४८, उजव्याचं ०.७४. डॉपलरमध्ये डाव्या मांडीत अडथळा. १० ग्रॅमचा धागा दोन्ही तळव्यांना मिळून फक्त एका जागी कळला. बाबा डोळे मिटून "टोचा ना आता" म्हणत होते आणि डॉक्टर टोचतच होते. मी समोर उभी होते. मला बाहेर जावं लागलं.

बी १२ सुद्धा कमी निघालं, त्याची इंजेक्शनं सुरू केलीत. सर्जननी रक्त पातळ ठेवायची आणि कोलेस्टेरॉलची गोळी दिली, चालायचा कार्यक्रम लिहून दिला आणि तीन महिन्यांनी बोलावलंय. ईईसीपीबद्दल विचारलं. त्यांनी उलट विचारलं, "छातीत दुखतं का?" नाही म्हटल्यावर, "मग कशाला?" इतकंच. केंद्रातून अजून फोन येतात. भावाची पाटी त्याने स्वतःसाठी घेतली, त्याला काही झालेलं नाही.

शिबिराचा तो "उत्तम"चा कागद मी आईला न दाखवता फाडणार होते. मग ठेवला. सर्जननी त्याचा फोटो मागून घेतला.

@संथगामी, बाबांनी तुमचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला. काल पहिला दिवस. चार खांब. खांब जाताना मोजायचे की जाऊन-येऊन, असं विचारायला सांगितलंय.

संथगामी :

काकांना सांगा, फक्त जातानाचे. येताना घरच दिसत असतं, आकडा फुगतो.